काळ्या पाषाणाच्या छटा : इंकजेट प्रिंटरवरील कृष्णधवल छायाचित्रांच्या प्रतनिर्मितीचे तंत्र

प्रस्तावना

मराठवाड्यातील लेण्यांचा आणि छायाचित्रकलेचा संबंध दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्यासाठी १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पाठविलेले मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला. जेम्स फर्ग्युसन यांच्या १८६४ मधील लेणीविषयक ग्रंथात गिल यांची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध झाली. गिल यांनी वर्षानुवर्षे खपून रंगविलेल्या भव्य प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. छायाचित्रे मात्र ग्रंथाच्या प्रतींतून अनेक ठिकाणी पोहोचली होती, म्हणून ती टिकली. त्यानंतरच्या पिढीत हैदराबादच्या सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांनी याच प्रदेशातील वास्तूंची छायाचित्रे मोठ्या काचपट्ट्यांवर घेतली. आज अभ्यासकाला या वास्तूंचे एकोणिसाव्या शतकातील रूप दिसते ते अशा कागदी प्रतींमुळेच.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे आजही इतिहास, पुरातत्त्व, पर्यटन आणि चित्रकला या विषयांचे विद्यार्थी व अध्यापक वेरूळ-अजिंठ्याची छायाचित्रे सातत्याने घेतात. परंतु त्यांतील फारच थोडी कागदावर उतरतात, आणि उतरतात ती बहुधा कार्यालयीन प्रिंटरवर. नॅक समितीच्या भेटीनिमित्त व्हरांड्यात लावलेली कृष्णधवल छायाचित्रे दोन-तीन उन्हाळ्यांत हिरवट किंवा जांभळट झालेली पाहणे अनेक महाविद्यालयांच्या परिचयाचे आहे. हा दोष छायाचित्रकाराचा नसतो, बहुतेकदा यंत्राचाही नसतो. कृष्णधवल प्रत ही रंगीत प्रतीपेक्षा सोपी असते, या समजुतीत त्याचे मूळ आहे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. रंगीत चित्रात छटेतील लहानसा दोष रंगांच्या गर्दीत झाकला जातो. कृष्णधवल चित्रात छटेशिवाय दुसरे काहीच नसते. प्रस्तुत लेखात इंकजेट प्रिंटरवर टिकाऊ व कलात्मक दर्जाची कृष्णधवल प्रत कशी सिद्ध होते, याचे विवेचन स्थानिक वास्तूंच्या संदर्भात केले आहे.

शाईचा थेंब आणि करडी छटा

अंधारखोलीत तयार होणाऱ्या प्रतीत चांदीच्या क्षारांवर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात काळेपणा येतो आणि छटा अखंडपणे गडद होत जाते. इंकजेट प्रिंटरला अशी अखंड छटा ठाऊक नसते. त्याचे शीर्ष कागदावर शाईचे अतिसूक्ष्म थेंब टाकते किंवा टाकत नाही, एवढेच. काही कंपन्यांच्या यंत्रांत हे थेंब स्फटिकाच्या कंपनाने ढकलले जातात, तर काहींत शाई क्षणभर तापवून. थेंबाचे आकारमान काही पिकोलिटर, म्हणजे लिटरच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या काही पट, इतके लहान असते. डोळ्याला जी करडी छटा दिसते ती या थेंबांच्या आणि मधल्या पांढऱ्या कागदाच्या मिश्रणातून निर्माण होणारा आभास होय.

या प्रक्रियेतील पहिली अडचण फिक्या छटांची आहे. केवळ काळ्या शाईने दहा टक्के करडेपणा दाखवायचा तर पृष्ठभागाचा सुमारे दहावा हिस्सा काळ्या ठिपक्यांनी व्यापावा लागतो. ते ठिपके विरळ असल्याने आकाश किंवा चुन्याची भिंत वाळू सांडल्यासारखी दिसते. यावर जुन्या रंगीत प्रिंटरांनी शोधलेला उपाय म्हणजे निळसर, किरमिजी आणि पिवळी शाई सम प्रमाणात मिसळून करडा रंग तयार करणे. दाणेदारपणा त्यामुळे कमी झाला, पण दुसरे संकट उभे राहिले. तीन रंगांचा तो समतोल एका विशिष्ट प्रकाशातच टिकतो. दिवसाच्या उजेडात तटस्थ भासणारी प्रत पिवळ्या दिव्याखाली तांबूस आणि ट्यूबलाइटखाली हिरवट दिसते. शिवाय तिन्ही रंग सारख्या गतीने विटत नाहीत. त्यामुळे काही वर्षांनी जो रंग आधी उडतो त्याच्या विरुद्ध बाजूकडे सबंध चित्र झुकते. व्हरांड्यातील हिरवट छायाचित्रांचे रहस्य हेच आहे.

खरा उपाय काळ्या शाईच्याच कुटुंबात सापडला. गडद काळी, तिची फिकी आवृत्ती आणि त्याहूनही फिकी आवृत्ती अशा स्वतंत्र शाया भरल्या, तर फिकट छटेसाठी विरळ काळे ठिपके टाकण्याऐवजी फिक्या करड्या शाईने जवळजवळ सर्व पृष्ठभाग झाकता येतो. रंगीत शाई केवळ सूक्ष्म सुधारणेपुरती लागते. जॉन कोन यांची पिझोग्राफी ही पद्धत २००० च्या सुमारास याच तत्त्वावर पुढे आली. एप्सन कंपनीने २००५ मध्ये के-३ या नावाने तीन काळ्या शायांचा संच आणि सोबत कृष्णधवल छपाईसाठी स्वतंत्र व्यवस्था आणली. पुढे कॅनन आणि एचपी या कंपन्यांच्या छायाचित्रणासाठीच्या यंत्रांतही एकाहून अधिक करड्या शाया आल्या. प्रिंटर निवडताना महाविद्यालयाने विचारण्याचा पहिला प्रश्न म्हणूनच 'किती रंग?' हा नसून 'किती काळे?' हा असावयास हवा.

दुसरा प्रश्न शाईच्या जातीचा. डाय शाईत रंग द्रवात पूर्णपणे विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत रंगद्रव्याचे घन कण द्रवात तरंगत असतात. विरघळलेल्या रंगाचे रेणू प्रकाश आणि हवेतील ओझोन यांच्या माऱ्याला लवकर बळी पडतात. कणात बाहेरचे रेणू झिजले तरी आतले शाबूत राहतात. संगणकीय कलाप्रतींच्या इतिहासात हा धडा सुरुवातीलाच मिळाला. गायक व छायाचित्रकार ग्रॅहम नॅश यांनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हे मुद्रणालय सुरू करून आयरिस नावाच्या औद्योगिक इंकजेट यंत्रावर कलाप्रती काढण्यास आरंभ केला. त्या यंत्राच्या आरंभीच्या शाया सुंदर होत्या पण लवकर विटणाऱ्या होत्या. पिगमेंट शाईने ही उणीव पुष्कळ अंशी दूर केली.

यातही काळ्या पिगमेंटचे स्थान वेगळे आहे, कारण तो मूलतः कार्बन आहे. मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. दिव्याचे काजळ बाभळीच्या डिंकात घोटून केलेल्या शाईने बोरू चालविलेली अनेक मोडी कागदपत्रे आणि पोथ्या दोन-अडीच शतकांनंतरही ठळक वाचता येतात. कागद पिवळा पडतो, त्याला कसर लागते, पण काजळ विटत नाही. कृष्णधवल प्रत जितकी कार्बनवर उभी राहील आणि रंगीत शाईवर जितकी कमी विसंबेल, तितकी ती टिकाऊ. शुद्ध कार्बनची छटा किंचित तपकिरी, उबदार असते. अनेकांना अगदी तटस्थ करडा हवा असतो आणि तो मिळविण्यासाठी थोडी रंगीत शाई मिसळावीच लागते. येथे रुची आणि आयुर्मान यांत निवड करावी लागते. लेण्यांच्या दगडाला उबदार छटा शोभत असल्याने या भागातील विषयांसाठी ही निवड तुलनेने सोपी आहे.

काळा किती काळा?

कागदावरील काळेपणा मोजण्यासाठी 'घनता' ही संज्ञा वापरतात. पृष्ठभागाने परत पाठविलेला प्रकाश दहापट घटला की घनता एकाने वाढते. खरबरीत, चकाकी नसलेल्या मॅट कलाकागदावर इंकजेटची सर्वाधिक घनता साधारणतः १.६ ते १.७ असते, तर बरायटा थर असलेल्या किंवा अर्धचकाकीच्या कागदावर ती २.२ किंवा अधिक होते. आकडे जवळचे भासतात, पण १.६ घनतेचा काळा पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे अडीच टक्के परत पाठवितो आणि २.२ घनतेचा केवळ सहा दशांश टक्का. म्हणजे मॅट कागदावरील सर्वांत गडद काळाही चौपट उजळ असतो. कागदाचा पांढरेपणा सुमारे नव्वद टक्के धरला, तर मॅट कागदावर उजळ आणि गडद यांचे गुणोत्तर छत्तीसास एक भरते, चकाकीच्या कागदावर सुमारे एकशे चाळीसास एक. संगणकाच्या सामान्य पडद्यावर हेच गुणोत्तर हजारास एकच्या घरात असते. पडद्यावर सुस्पष्ट दिसणारी मूर्ती कागदावर काळ्या डागात का विरघळते, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

तथापि यावरून चकाकीचा कागदच श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. भिंतीवरील चित्र काचेमागे असते आणि साध्या काचेच्या दोन पृष्ठांवरून मिळून सुमारे आठ टक्के प्रकाश परावर्तित होतो. समोर उघडी खिडकी असेल तर हे परावर्तन सहा दशांश टक्क्याच्या त्या खोल काळ्याला सहज गिळून टाकते. खोल काळा मिळविण्यासाठी महाग कागद घ्यावा आणि तो खिडकीसमोर काचेत लावावा, हा व्यवहार तोट्याचा आहे. हातात धरून पाहावयाच्या संचासाठी बरायटा कागद आणि भिंतीवरील प्रदर्शनासाठी मॅट सुती कागद, ही विभागणी अधिक व्यवहार्य ठरते.

सर्वाधिक काळेपणापेक्षाही महत्त्वाचे असते ते त्याच्या लगतच्या छटांचे वेगळेपण. शाई कागदात पसरते, ठिपके फुगतात आणि मधल्या छटा अपेक्षेपेक्षा गडद होतात. गडद टोकाला तर ९०, ९५ आणि १०० टक्के या तिन्ही छटा एकरूप होऊन जातात. यावरील उपाय मोजमापाचा आहे. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांच्या अंतराने २१ पायऱ्यांची पट्टी छापावी, ती पूर्ण वाळल्यावर प्रत्येक पायरीची घनता मोजावी आणि जेथे पायऱ्या चिकटल्या आहेत तेथे त्या मोकळ्या होतील अशी दुरुस्तीची वक्ररेषा तयार करावी. मोजणीचे उपकरण महाग असते. ते नसल्यास ग्रंथालयातील साधा सपाट स्कॅनरही, त्याच्या स्वयंचलित सुधारणा बंद करून, सापेक्ष तुलनेसाठी पुरेसा होतो. रॉय हॅरिंग्टन यांच्या क्वाडटोन रिप या आज्ञावलीत प्रत्येक काळ्या शाईचे प्रमाण स्वतंत्रपणे ठरवून अशी वक्ररेषा कायम जोडता येते. कंपनीच्या कृष्णधवल व्यवस्थेतही कागदाचा योग्य प्रकार निवडून आणि ही पट्टी एकदा तपासून समाधानकारक फळ मिळते. प्रत्येक कागदासाठी पट्टी वेगळी छापावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे हे खरे, पण ते एकदाच करावयाचे असते.

वेरूळची सावली आणि मकबऱ्याचा चुना

या शहराच्या परिसरात छटापट्टीची दोन्ही टोके तपासणाऱ्या वास्तू उपलब्ध आहेत, हा एक सुखद योगायोग म्हणावा लागेल. वेरूळचे कैलास लेणे काळ्या बेसाल्ट खडकात वरून खाली कोरलेले असल्याने मंदिर खोल खड्ड्यात उभे आहे. कैलास पर्वत हलविणाऱ्या रावणाचे प्रसिद्ध शिल्प मंदिराच्या दक्षिण अंगाला, वरच्या भागाच्या छायेत आहे. प्रांगणातील उन्हाचा उजेड आणि या कोनाड्यातील अंधार यांत शेकडो पटींचे अंतर पडते. आधुनिक कॅमेरा कच्च्या स्वरूपातील फाइलमध्ये हे अंतर बऱ्याच अंशी साठवितो. अडचण येते ती छत्तीसास एक या कागदाच्या मर्यादेत ते बसविताना.

सर्वच सावल्या सरसकट उजळल्या तर रावणाचे हात दिसू लागतात, पण खडकाचा काळेपणा नाहीसा होऊन तो सिमेंटसारखा राखाडी भासतो आणि शिल्पाची सारी खोली सपाट होते. सावल्या तशाच सोडल्या तर रावणाचे खांदे आणि मागील भिंत एकाच काळ्यात मिसळतात. अनुभवी प्रतकार यांपैकी कोणताच मार्ग घेत नाही. तो कोनाड्याचा सर्वांत खोल भाग पूर्ण काळा राहू देतो, शिल्पाच्या पृष्ठभागाची छटा ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान पसरवितो आणि त्या अरुंद पट्ट्यातच छिन्नीच्या खुणा वेगळ्या ठेवतो. म्हणजे सावली उजळायची नसून सावलीच्या आतील भेद वाढवायचे असतात. कैलासाच्या काही भागांवर जुन्या गिलाव्याचे फिकट अवशेष आहेत. सभोवतालचा दगड योग्य छटेवर असेल तर ते आपोआप उठून दिसतात; त्यांना स्वतंत्रपणे पांढरे करण्याची गरज पडत नाही.

बीबी का मकबरा नेमकी विरुद्ध परीक्षा घेतो. सतराव्या शतकातील या वास्तूत संगमरवर मुख्यत्वे भिंतींच्या खालच्या भागापुरता आणि घुमटापुरता वापरला असून उर्वरित भाग चुन्याच्या गिलाव्याने मढविलेला आहे. गिलावा आणि संगमरवर यांतील फरक छटापट्टीवर जेमतेम दोन-तीन टक्क्यांचा असतो. फिक्या करड्या शाईविना हा भेद छापताच येत नाही, कारण विरळ काळे ठिपके संगमरवरालाही गिलाव्यासारखे खरखरीत करतात. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला छायाचित्रातून द्रव्य ओळखावयाचे असेल तर हा दोष केवळ सौंदर्याचा राहत नाही, तो माहितीचा होतो. अर्धचकाकीच्या कागदावर आणखी एक गुंता उद्भवतो. जेथे शाई अजिबात पडलेली नाही तेथे कागदाची चकाकी वेगळी दिसते आणि घुमटावर कोरा डाग पडल्यासारखे वाटते. यासाठी सर्वांत उजळ भागालाही एक-दोन टक्के छटा ठेवण्याचा प्रघात आहे.

दोन्ही उदाहरणांत फाइल प्रत्येक रंगमार्गास १६ बिट खोलीची असणे आवश्यक आहे. आठ बिटांच्या फाइलमध्ये पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. त्यांतील गडद भागाच्या मोजक्या पायऱ्या ताणल्या की सावलीत पट्टे उमटतात. जेपीईजी स्वरूपात घेतलेल्या छायाचित्रातून दस्तऐवजी दर्जाची प्रत काढण्याचा आग्रह याच कारणाने व्यर्थ ठरतो.

जुन्या छायाचित्रांच्या प्रतींबाबत वेगळा विवेक लागतो. गिल यांच्या काळातील प्रती अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर, काचेची निगेटिव्ह थेट टेकवून काढल्या जात. त्यांचा तपकिरी-जांभळट रंग आणि काळानुसार आलेला पिवळेपणा हा त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे. अशी प्रत स्कॅन करून तिला 'शुद्ध' कृष्णधवल करणे म्हणजे जुन्या हस्तलिखिताचे आधुनिक शुद्धलेखनात रूपांतर करून तेच मूळ म्हणून मांडणे होय. संग्रहासाठी मूळ रंगासह स्कॅन जपावा. प्रदर्शनासाठी छटा बदललेली प्रत काढल्यास तसे तिच्या पाठीवर पेन्सिलीने नोंदवावे. कागद, शाई, दिनांक आणि फाइलचा क्रमांक यांचीही नोंद तेथेच असावी.

कागदाचा प्रश्न

कलाप्रतीसाठी सुती चिंध्यांच्या लगद्याचा, आम्लरहित कागद इष्ट मानला जातो. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन कागद पिवळा आणि ठिसूळ करते. बाजारातील अतिशुभ्र कागदांत बहुधा प्रकाशवर्धक रसायने असतात. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत देतात, म्हणून कागद दुधासारखा पांढरा दिसतो. कालांतराने ती निकामी होतात आणि कागदाचा खरा पिवळसर रंग उघडा पडतो. त्यामुळे आरंभापासूनच किंचित उबदार असलेला कागद अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

या संदर्भात दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणाऱ्या कागजीपुऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला हलविली तेव्हा कागद करणारे कारागीर येथे आले, अशी परंपरा सांगितली जाते आणि हातकागदाचा व्यवसाय या गावाची ओळख होऊन राहिला आहे. वेरूळच्या वाटेवर तयार झालेल्या कागदावर वेरूळचे छायाचित्र उतरावे, ही कल्पना मोहक आहे, पण ती जशीच्या तशी साधत नाही. पारंपरिक हातकागद बोरूच्या लेखनासाठी खळ देऊन आणि घोटून सिद्ध केला जाई. बोरूची दाट शाई पृष्ठावर राहते. इंकजेटची पाण्यासारखी पातळ शाई तंतूंत झिरपते. छायाचित्रणाच्या कागदावर सिलिकासारख्या सूक्ष्म सच्छिद्र द्रव्याचा लेप असतो, तो शाईतील पाणी शोषून रंगद्रव्याला वरच्या थरात अडवितो. असा लेप नसलेल्या हातकागदावर सर्वाधिक घनता साधारणतः १.१ ते १.३ पर्यंतच पोहोचते आणि कैलासाचा काळा पाषाण धुक्यात गेल्यासारखा दिसतो.

यावर छपाईपूर्व लेपाचे द्रावण मिळते आणि ते हाताने देता येते. मात्र कागदाची जाडी सर्वत्र सारखी नसल्याने प्रिंटरचे शीर्ष उंचवट्यांना घासण्याचा आणि सुटे तंतू नोझलमध्ये अडकण्याचा धोका राहतो. मागील सरळ मार्गाने एकेक पत्रा सोडणारे यंत्र, मऊ ब्रशने झाडलेला आणि दाबाखाली सपाट केलेला कागद, आणि जाड कागदासाठीची शीर्षाची उंच मांडणी एवढी दक्षता घेतल्यास प्रयोग शक्य आहे. धुके, पाऊस, वृद्ध चेहरे अशा मंद छटांच्या विषयांना हा कागद चांगला साथ देतो. चित्रकला आणि रसायनशास्त्र या दोन विभागांनी मिळून लेपाचा हा प्रश्न हाती घेण्यासारखा आहे. बहुविद्याशाखीय म्हणविणाऱ्या बऱ्याच प्रकल्पांपेक्षा त्यात दोन्ही शाखांना खरोखर काम आहे.

हवामान, वीज आणि जतन

इंकजेटविषयीचे बहुतेक मार्गदर्शन समशीतोष्ण देशांतील वातानुकूलित खोल्या गृहीत धरते. मराठवाड्यातील मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा इतकी कोरडी होते की पिगमेंट शाई नोझलच्या तोंडाशी वाळते. सुट्टीत दीड महिना बंद राहिलेला प्रिंटर जूनमध्ये पांढऱ्या रेघा मारू लागतो. आठवड्यातून एकदा सर्व शाया वापरणारे लहानसे पान छापणे, हा शीर्ष पुन्हापुन्हा धुऊन शाई वाया घालविण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. सुट्टीतही हे काम कोणाकडे तरी सोपवावे लागते. खोलीतील आर्द्रता चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान राहिल्यास कागदही वळत नाही.

छपाई चालू असताना वीज गेली तर शीर्ष आपल्या टोपणाखाली परत जात नाही आणि उघड्यावरच वाळते. म्हणून यंत्राला किमान चालू पान पूर्ण होईल एवढ्या क्षमतेचा यूपीएस जोडणे आवश्यक असते. यंत्राच्या खरेदी प्रस्तावात ही नोंद बहुधा राहून जाते.

छापलेली प्रत लगेच चौकटीत बसवू नये. शाईतील संथपणे उडणारी द्रव्ये काचेच्या आतल्या बाजूवर धुरकट थर धरतात. निदान एक दिवस, आणि पावसाळ्यात त्याहून अधिक काळ, ती साध्या कोऱ्या कागदाखाली सपाट ठेवावी. चौकटीत काच आणि चित्र यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी ठेवून अंतर राखावे, अन्यथा ओलाव्याने पृष्ठभाग काचेला चिकटतो. मागे नेहमीचा तपकिरी पुठ्ठा वापरल्यास त्यातील आम्ल सुती कागदात उतरते. व्हरांड्याच्या पश्चिमेकडील भिंतीवर दुपारचे ऊन थेट येत असेल तर तेथे मूळ संग्रहप्रत न लावता दुसरी प्रत लावावी आणि पहिली प्रत पेटीत, अंधारात, फाइलच्या क्रमांकासह ठेवावी.